तोमोचे गाऱ्हाणे

"किती रडता गो हो!" धाकू म्हणाला. "मी बसलंय तेव्हापासना बघतंय. डोळे सुकाक नाय तेचे."

कोमलने मोबाइलवरचे चित्र थांबवले. पडद्यावर एका पोराचा चेहरा होता. मोठाले डोळे, कपाळावर उतरलेले काळे केस, हनुवटीपर्यंत आलेला एक थेंब. थेंबही तिथेच थांबला.

"आजो, तू तरी तेका रडको म्हणू नको."

"आनी कोण म्हणता?"

"सगळे म्हणतत."

"घरात?"

"घरात कोणाक ठावक आसा तो? जगात." तिने बोटाने पडदा वर सरकवला. चित्राखाली लोकांनी बरेच काही लिहिले होते. "हे बघ. ह्यो म्हणता, भित्रो. ही बाई लिवता, ह्या पोराच्या दोन थोतरीत देवक होयी. आनी हो एक म्हणता, गोष्ट बरी आसा, पण हेका काढून टाका आनी दुसरो कोणतरी घाला."

धाकूला इंग्रजी येत नव्हते. मराठी अक्षरेदेखील त्याला उशिरा आली. गोवा राज्य झाले त्या सुमाराला गावात प्रौढांचे वर्ग निघाले, तेव्हा तो चोपड्याच्या फेरीबोटीवर खलाशी होता आणि शाळेत जाणारा त्याचा मुलगा शिवदास बापाची पाटी तपासून द्यायचा. वर्गात कोकणी शिकवायची की मराठी, यावर बाहेर मोठी माणसे भांडत होती. धाकूला दोन्हींचा 'क' सारखाच अवघड गेला. पुढे तो वर्तमानपत्र वाचण्याइतका शिकला, पण एखादी गोष्ट समजून घ्यायची तर त्याला अजूनही माणसाच्या तोंडूनच ऐकावी लागे.

"एवढे लोक?" तो म्हणाला. "एका पोरार? आनी केल्यान काय तेना? कोणाचो जीव घेतल्यान?"

"काय्येक करूक नाय तेना. म्हणानच राग."

कोमल म्हणजे शिवदासची मुलगी. ती नर्सिंग शिकायला वसतिगृहात राहत होती. गणपतीची चवथ होऊन गेल्यावर एका दुपारी ती गणवेशातच बसमधून उतरली. हातात पिशवी नव्हती. आजीने, यशोदेने, काय झाले म्हणून विचारले तर "वायच निजतंय" म्हणाली आणि मधल्या खोलीत शिरली, ती अजून धड बाहेर आली नव्हती. जनेल बंद, त्याच्यावर पडदा ओढलेला. जेवणाचे ताट आत जाई आणि अर्धे भरलेले बाहेर येई. तिच्या आईने रडून पाहिले, बापाने ओरडून पाहिले. दुकानावर कोणी विचारी, "चेडू घराक आसा? सुट्टी पडली?" आणि उत्तर यायच्या आधीच एकमेकांकडे बघे.

धाकूला ती आत येऊ देई, कारण तो काही विचारत नसे. सकाळी पोदेर सायकलवरून पाव देऊन गेला की तो दोन पाव आणि चहाचा पेला घेऊन दाराशी येई, ट्रंकेवर बसे आणि ती बघत असलेली जपानी चित्रे तिच्याबरोबर बघे. पहिल्यांदा त्याला वाटले, ही लहान मुलांची चित्रे. पण त्यात माणसे मरत होती, आणि मेलेली परत येत नव्हती.

"मगे माका सुरवातीपासना सांग," तो म्हणाला. "खंयचो हो पोरगो?"

कोमल भिंतीला टेकली आणि सांगू लागली. इतक्या दिवसांत ती एका वेळी एवढे बोलली नव्हती.

पोराचे नाव तोमो. त्याचे गाव समुद्राकाठी. धुके आले की समुद्रातून डोंगराएवढी काळी जनावरे वर यायची आणि घरे तुडवत जायची. त्यांना माघारी फिरवणारी एकच गोष्ट होती, टेकडीवरची एक प्रचंड घंटा. ती वाजवायचा मान एकाच घराण्याचा. दुसऱ्या कोणी दोरखंड ओढला तर ती हलतही नसे. तोमोची आई घंटा वाजवता वाजवताच गेली. बापाने पोराला लहानपणापासून दूर आत्याकडे ठेवले होते. बायको गेली तशी त्याने त्याला बोलावून घेतले, दोरखंडासमोर उभे केले आणि सांगितले, आता तू.

"आनी?"

"आनी तेच्यान ओढूक जमना. पयल्या खेपेक अर्धो गाव गेलो. एक दोस्त होतो तेचो, तोय गेलो. मगे तो पळालो. धरून हाडलो, परत पळालो. आता एक भाग रवलो, तो अजून येवक नाय."

दारातून यशोदेचा आवाज आला. "तोमो म्हणजे शिवोलेचो खंयचो तरी क्रिस्तांव?"

"जपानचो गो आजये."

"बरा. जेवलो काय तो? तू तरी जेव."

यशोदा गेली. धाकू त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"हेका आत्याकडसून हाडलो," तो म्हणाला, "तेव्हा बापाशीन काय विचारल्यान? जेवलंस काय, दमलंस काय?"

"काय्येक नाय. थेट दोरी दाखवल्यान."

"बघ!" धाकूने मांडीवर हात मारला. "आनी लोक बापाशीक सोडून पोराक शिव्या घालतत. हे लिवणारे कधी उभे रवलत तशे? सगळो गाव आपल्याकडे बघता, आनी हात..."

"हात आपले नसतत," कोमल म्हणाली.

ती मोबाइलकडेच बघत होती.

"थंय एक म्हातारी होती, आजो. वॉर्डात. तिना माजो हात धरललो. म्हणाली, चेडवा, सोडू नको. तिचो जीव घुसमटत होतो. सिस्टर आराडत होती, ट्रे हाड, ट्रे हाड. ट्रे माका दिसत होतो, समोरच होतो. पण माज्या पायांका कायच कळना. मगे दुसरी आली, तिना माका बाजूक लोटली. म्हातारी गेली. ती रवची नव्हतीच, सगळ्यांका ठावक होता. माज्यामुळे गेली असा कोणी म्हणूकय नाय. पण सगळ्यांनी माका बघितला, नुसती उभी ती."

धाकूने चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. तो निवला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला.

दुपारी शिवदास जेवायला आला. तो टॅक्सी चालवी, केरीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पर्यटकांना घेऊन दिवसभर फिरे. हात धुताना त्याने बंद दाराकडे एकदा बघितले आणि दाराला ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितले, "आये, तिका सांग. कॉलेजवाल्यांचो फोन इललो. सोमवारी इली नाय तर नाव काढतले. सोमवारी सकाळी मी गाडी काढतंय."

"तूच सांग मरे. दार चार पावलांर आसा."

"माज्याशी बोलता ती? दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसता. कसली ती चित्रां..."

"बरी आसत चित्रां," धाकू म्हणाला.

शिवदासचा घास हातातच राहिला. "बाबा, तुमी पण?"

"एक पोरगो आसा तेच्यात. बापाशीन तेका हाडलो आनी सरळ कामार उभो केलो. तुका जमता काय म्हणान एका शब्दान विचारूक नाय."

"बापाशीक विचारत बसूक वेळ नसात."

"व्हय. तोय तुज्यासारखोच, कामाचो माणूस."

यशोदेने आमटी वाढायच्या निमित्ताने तोंड फिरवले.

"मगे? गेलो काय कामार?" शिवदासने विचारले.

"पळालो."

"कानाखाली दोन काढूक होये होते."

"सगळ्यांचा तसाच म्हणणा आसा," धाकू म्हणाला. "जगभरच्या."

"बाबा, मस्करी नको. तुमका भायर कोण कायच विचारणत नाय, माका विचारतत. काल तो कृष्णनाथकाका म्हणता, रे शिवदास, चेडवाचा लगीन ठरला काय, म्हणान घराक हाडून बसवलंस? हसत होतो. ह्या सगळा आयकान घेवचा? आमच्या घराण्यात कोण असा अर्ध्यातसून पळान येवक नाय."

"तुज्या बापाशीक विचार," यशोदा म्हणाली.

शिवदासने बापाकडे बघितले. धाकू भात कालवत होता.

गावच्या सातेरीच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान धाकूच्या घराण्याचा होता. कोणाला मूल होत नसेल, कोणाचे जनावर हरवले असेल, कोणी परदेशी नोकरीला निघाला असेल, तर त्याने नारळ आणून देवीपुढे ठेवायचा आणि धाकूने त्याच्या वतीने देवीशी बोलायचे. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देत. फेरीबोटीवर असताना धाकू दिवसभर गाड्या चढाउतरायचा लोखंडी फाळका खाली सोडी आणि वर ओढी. पुढे चोपड्याला पूल झाला, तशी त्याची बदली केरी-तेरेखोलच्या बोटीवर झाली आणि तिथेही त्याने फाळकाच ओढला. त्याचे नाव कोणा प्रवाशाला ठाऊक नव्हते. पण रविवारी देवळात तो बोलायला उभा राहिला की गाव गप्प होई.

"तुजो आजो गेलो तेव्हा हेंका मिशीय फुटूक नव्हती," यशोदा सांगू लागली. "जत्रेच्या दिवशी हातात नारळ दिलो, सगळो गाव समोर, बोल म्हणाले. हेंच्या तोंडातसून शब्द फुटना. नारळ थंयच टाकलो आनी पळाले. माज्या म्हायेरापर्यंत बातमी. माका बघूक इले तेव्हा माजी आवस म्हणाली, हो तोच काय गो, पळाललो?"

"ता येगळा," शिवदास म्हणाला. "थंय कोण नाव काढून टाकणारा नव्हता."

"मान काढून घेवक बघत होते," धाकू म्हणाला. "तुज्या कृष्णनाथकाकाचोच बापूस."

शिवदास उठला. हात पुसता पुसता म्हणाला, "तरी सोमवारी मी गाडी काढतंय." आणि गेला.

धाकू आत गेला तेव्हा कोमल दाराच्या अगदी मागे बसलेली होती.

"आजो, तू पळाललंस?"

"वर काजीच्या रानात. थंयसून जत्रेची पेट्रोमॅक्स दिसत होती. भूक लागली तसो खाली इलंय."

"मगे कसा येवक लागला तुका बोलूक?"

"चुलतो होतो माजो. तेना कोणाक कायच सांगूक नाय आनी माकाय कायच विचारूक नाय. पुढच्या रविवारी म्हणालो, तू बोलू नको. मी बोलतंय. तू नुसतो नारळ घेवन बाजूक उभो रव. मगे मी तसोच उभो रवायचंय. लोक हसत. मगे हसायचे थांबले. मगे एक दिवस चुलत्याक खोकलो लागलो आनी वाक्य अर्ध्यार रवला. ता मी पुरा केलंय."

कोमल पायाच्या बोटांशी चाळा करू लागली.

"तोमोक असो कोणी चुलतो नाय," ती म्हणाली.

"नाय खरो."

"तू सगळ्यांची गाराणी घालतंस ना? मगे तेचा घाल." म्हणता म्हणता ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.

धाकू हसला नाही. तो विचार करू लागला होता.

"नारळ कोण ठेवतलो?" त्याने विचारले.

"म्हणजे?"

"नारळाशिवाय गाराणा नाय. आनी नारळ ज्येना हाडलो तेना थंय उभा रवूक होया. तेका येवक जमणत नसात तर तेचा जवळचा कोणतरी होया. मी बोलणारो, माज्यान दोन्ही जमणत नाय."

"आजो, मी मस्करी केलंय."

"मी नाय केलंय. तेका जवळचा कोण आसा, तूच सांग."

तिने पडदा ओढलेल्या जनेलाकडे बघितले. धाकूने पुढे विषय काढला नाही.

पण यशोदेने दाराआडून सगळे ऐकले होते. परसात तिने त्याला गाठले.

"तुमका खूळ लागला काय? जो जल्माक येवक नाय, तेचा गाराणा? देवीक फसयतास?"

"दसऱ्याक शिवदासाच्या गाडयेचा घातलंय. ती खंय जल्माक इलली? पंचायतीच्या पंपाचा घातलंय. फेरीबोटीच्या इंजिनाचा घातलंय."

"ता येगळा. ती वस्तू डोळ्यांका दिसता."

"तोमोय दिसता. मी रोज सकाळी बघतंय. रडता, उपाशी बसता, आनी कोण तेका बरा म्हणणत नाय."

यशोदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मगे माळ्यावरसून एक बरोसो नारळ काढून ठेवतंय. कुसको निघालो तर देवळात शोभा."

रविवारी सकाळी धाकू धोतर नेसून ओसरीवर बसला. शिवदास नेहमीसारखा पुढे गेला होता. रविवारी देवीचे फूल गाडीत ठेवल्याशिवाय तो पहिले भाडे घेत नसे. यशोदेने नारळ ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि ती मुद्दाम आत जाऊन भांडी घासू लागली. धाकूने एकदाही मधल्या दाराकडे मान वळवली नाही. ऊन अंगणात उतरले. आता निघायला हवे म्हणून तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, तेव्हा मागे कडी वाजली.

कोमलने न्हाऊन केस बांधले होते. अंगावरचा ड्रेस ढगळ वाटत होता, ती तेवढी वाळली होती. उजेडाने तिने डोळे बारीक केले. तिने नारळ उचलला, त्याची शेंडी वर केली, जशी लहानपणी आजोबाच्या हातात बघितली होती तशी, आणि म्हणाली, "कोणाशी बोलूचा पडात काय माका?"

"नाय. बोलणारो मी."

वाटेत दुकान होते. दुकानावरची माणसे बोलायची थांबली. एक बाई "कोमल गो!" म्हणाली. कोमलने नारळ छातीशी धरला आणि ती धाकूच्या पावलांत पाऊल टाकत पुढे गेली.

देवळात नेहमीची माणसे होती. कृष्णनाथ खांबाला टेकून बसला होता. तो देवळाच्या कमिटीवर होता आणि कोणाचे गाऱ्हाणे कशासाठी, हे त्याला आधी कळावे लागे. शिवदास फूल घेऊन निघतच होता. पोरीला बघून तो तिथेच थांबला.

"कोणाचा गाराणा?" कृष्णनाथाने विचारले. त्याने कोमलकडे बघितले आणि त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "चेडवाचा?"

"नाय," धाकू म्हणाला. "तिच्या वळखीच्या एका पोराचा. तोमो नाव. जपानचो."

"जपानचो? तुज्या शिवदासाच्या गाडयेत बसललो काय कोण?"

"नाय. हंय येवक नाय तो कधी. संकटात आसा."

"आमच्या देवीक तेची भाषा कळात?"

"मी आसंय मरे मधी," धाकू म्हणाला.

दोघेचौघे हसले. कृष्णनाथही हसला. "घाल. देवीक काय, सगळीच तिची."

शिवदासने मात्र बापाकडे चमकून बघितले. त्याला कळले होते. तो पुढे होऊन काही बोलेल असे धाकूला वाटले, पण तो खांबाच्या बाजूला सरकून उभा राहिला.

कोमलने नारळ देवीपुढे ठेवला आणि ती धाकूच्या उजव्या हाताला उभी राहिली. धाकूने डोळे मिटले. पहिले वाक्य नेहमी पोटातून यायचे, आजही आले.

"आई सातेरी माये! बारा वाटांच्या, बारा वाड्यांच्या धनिणी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या पायांकडे एका लेकराच्या वतीन नारळ ठेवलो आसा. लेकरू लांबच्या मुलखातला. आपल्या पायांनी हंय येवक शकणत नाय, म्हणान तेच्या जवळच्या माणसान हो नारळ हाडलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घराण्याचो मोठो मान. मान देणारे मोठे, लेकरू ल्हान. आवस नाय. दोरी हातात दिली, तेव्हा तेचे हात तेचे रवूक नाय. गावाक राखूचा होता, तेच्यान राखूक जमना. ह्या खरा आसा. तुज्याकडे लपवची गोष्ट नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मगे ता पळाला. ताय खरा. पण पळान पळान खंय जातला, माये? ज्या रानात लपला, ता रानय तुजाच, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज वाढला होता. लोकांना काय चालले आहे ते नीट माहीत नव्हते, पण धाकूचा सूर त्यांना माहीत होता आणि तो आज वेगळा लागला होता. कोमलचा श्वास त्याला शेजारी ऐकू येत होता.

"लोक तेका भित्रो म्हणतत, रडको म्हणतत. जे बोलले तेंका तेचो आतलो जीव दिसूक नाय. तेंचोय राग धरू नको. पण त्या लेकरान जा बघितला, ता बघून रडला तर काय वायट केला? तेका पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका दम खावक दी. तेचे हात परत तेचे जावंदेत. मगे दोरी ओढूची काय नाय, ता तेचा तेका ठरवूक दी. आनी तोपर्यंत, माये, जे घाई करतत, तेंका धीर दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढा वेळ त्या सगळ्या आवाजांत धाकूला आपल्या मुलाचा आवाज वेगळा ओळखू येत होता. लहानपणापासून तो शेवटचे अक्षर जरा ओढून म्हणे. या वाक्याला तो आला नाही. धाकूने पुढचे वाक्य घेतले नाही. डोळे मिटूनच तो उभा राहिला. कोणीतरी खोकले. बाहेर एक मोटारसायकल गेली. पुढे काय, म्हणून कृष्णनाथाने मान वर केली.

मग खांबाच्या बाजूने, एकट्याचाच, शेवटचे अक्षर ओढलेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

धाकूने उरलेले गाऱ्हाणे नेहमीच्या शब्दांत संपवले. नारळ फुटला. पांढराशुभ्र निघाला. भटजींनी नारळाची एक कवड कोमलच्या हातात दिली आणि माणसे इकडेतिकडे पांगली.

कृष्णनाथ उठून तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा गंभीर होता. "बाये," तो म्हणाला, "तो पोरगो आता कसो आसा?"

कोमलने आजोबाकडे बघितले. धाकू देवीकडे बघत होता.

"आसा," ती म्हणाली. मग जरा थांबून, मोठ्याने, "जिवंत आसा. पुढचा अजून ठावक नाय."

"बरा जातला तेचा. सांग तेका. आमी सगळ्यांनी म्हटला म्हणान सांग."

"सांगतंय."

कृष्णनाथ गेला. धाकू खांबाला पाठ टेकून बसला. त्याला दम लागला होता. कोमल कवड हातात घेऊन दाराकडे निघाली. शिवदास तिच्या आधीच पायऱ्या उतरला होता. तो गाडीकडे जाईल असे धाकूला वाटले, पण तो वळला नाही. खाली चपलांचा ढीग पडला होता, रविवारी असतो तसा, उलट्या सुलट्या, एकमेकांवर चढलेल्या. शिवदास त्यात काहीतरी शोधत होता.

"सोमवारी मी एकटोच जातंय थंय," तो ढिगाकडे बघत म्हणाला. "तुज्या बाईंशी बोलतंय. वेळ देतत काय बघूया. नाय दिली तर नाय दिली."

कोमल वरच्या पायरीवर उभी होती.

शिवदासला तिची चप्पल सापडली. एक इथे होती, दुसरी कोणाच्या तरी बुटाखाली. त्याने दोन्ही उचलल्या, एकीचा वाळलेला चिखल बोटाने काढला, आणि वाकून त्या पायरीशी नीट जोडून ठेवल्या, तिला उतरताच पाय घालता येतील अशा.